कादंबरीकाराचा वेळ : विभावरी शिरूरकरांच्या निमित्ताने

कादंबरीतील काळाविषयी आपल्या समीक्षेत पुष्कळ लिहिले गेले आहे. घटनांचा काळ आणि निवेदनाचा काळ यांतील अंतर, निवेदनाची गती, कालक्रमाची उलटापालट यांची चर्चा आता पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थीही करतात. परंतु कादंबरी ज्या काळात लिहिली जाते तो काळ, म्हणजे लेखकाच्या दिवसातील तो तास-दीड तास, समीक्षेने चरित्रकाराकडे सोपवून दिला आहे. लेखक पहाटे लिहीत होता की रात्री, नोकरी सांभाळून लिहीत होता की सोडून, ही माहिती प्रस्तावनेत किंवा गौरवग्रंथात येते आणि संहितेचे विश्लेषण सुरू झाले की विसरली जाते. या वाटणीबद्दल मला शंका आहे. लेखकाला मिळालेल्या वेळाचा आकार कादंबरीच्या रूपबंधात उतरतो, आणि तो उतरलेला दिसला की आपण बहुधा त्याला दोष म्हणतो, असे मला वाटू लागले आहे.

ही शंका ग्रंथवाचनातून आली नाही, परीक्षकाच्या कामातून आली. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने अप्रकाशित कादंबऱ्यांची स्पर्धा घेतली आणि परीक्षकांत माझे नाव घातले. नियम नेहमीचेच होते. हस्तलिखित किमान दीडशे पानांचे असावे, त्यावर लेखकाचे नाव नसावे, टोपणनाव असावे, खरे नाव व पत्ता वेगळ्या बंद पाकिटात द्यावा, अंतिम तारखेनंतर आलेले साहित्य स्वीकारले जाणार नाही. परीक्षकांना दिलेल्या तक्त्यात कथानक, व्यक्तिचित्रण, भाषा आणि एकूण परिणाम अशा चार रकान्यांत गुण द्यायचे होते. आलेल्या बाडांपैकी एक दौंडचे होते. पाकीट बंद असले तरी मजकुरावरून गाव लपत नव्हते. रेल्वेची वसाहत, चार दिशांना फुटणारे रूळ, आउटरला तासभर उभी राहणारी मालगाडी, सायकलवरून येऊन दारावर थाप मारणारा कॉलबॉय. मनमाडचा फाटा १८७८ साली सुरू झाल्यापासून ज्या गावाचा दिवस गाड्यांच्या वेळांनी कापला जातो, त्या गावाखेरीज हे दुसरे कुठले असणार?

निवेदक गाडीवर जाणाऱ्या माणसाची बायको होती. प्रकरणे आखूड होती, काही तर अवघी दोन पानांची. एक प्रकरण मध्येच सुरू होई, दुसरे मध्येच संपे. नवऱ्याला अवेळी बोलावणे आले की डबा, डब्यानंतर मुलाची शाळा, शाळेनंतर नळाचे पाणी, आणि या सगळ्यात सासूच्या एका जुन्या दाव्याची गोष्ट तुकड्यातुकड्यांनी पुढे सरके. मी कथानकाच्या रकान्यात थोडे गुण दिले आणि शेऱ्याच्या जागी लिहिले : ‘अनुभव अस्सल, परंतु सलगता नाही. रचना विस्कळीत.’ त्या बाडात एक कागद चुकून राहिला होता. त्यावर तारखांची उभी रांग होती, प्रत्येक तारखेसमोर ‘दोन पाने’ असा संकल्प आणि त्याच्यापुढे हिशेब : ‘झाली’, ‘एक’, ‘नाही, पाहुणे’, ‘नाही, ताप’, ‘नाही’, ‘तीन’. तो वाचून मला हसू आले होते हे कबूल केले पाहिजे. नवोदितांच्या भाबड्या उत्साहाचा नमुना म्हणून मी तो बाजूला ठेवला. तोच कागद त्या हस्तलिखिताच्या रूपबंधाचा आराखडा होता, हे माझ्या लक्षात यायला विभावरी शिरूरकरांच्या पुस्तकांपर्यंत परत जावे लागले.

स्पर्धेची आणि मराठी गद्याची ओळख जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात दक्षिणा प्राइज कमिटीकडे आपले पुस्तक सादर करणे हा मराठी लेखकाच्या धडपडीचा एक राजमार्ग होता. त्या मार्गावरचे सर्वांत बोलके उदाहरण यशाचे नाही. जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक कमिटीकडे दिले आणि ते नाकारले गेले. ते छापले गेले १९७९ साली. कमिटीतील ब्राह्मण सभासदांचा विरोध हे त्याचे कारण फुल्यांनीच नोंदवले आहे आणि ते पुरेसेही आहे. मला येथे त्यातील एका वाङ्मयीन बाजूकडे लक्ष वेधायचे आहे. बक्षिसासाठी लिहिलेल्या संहितेचा अंतर्निहित वाचक हा परीक्षक असतो. तो पुस्तक विकत घेत नाही, कंटाळला तरी ते मिटवून ठेवत नाही, चिडला तरी लेखकाला पत्र लिहीत नाही, फक्त तुलना करतो. तुलना करायची तर निकष समान हवेत, आणि निकष समान हवेत तर अगोदर ठाऊक असलेली रूपे हवीत. ज्या शेतकरी जोडप्याला नाटकाच्या शेवटी शिकावेसे वाटते, त्या जोडप्याचे नाटक १८५५ च्या परीक्षकाच्या कुठल्या रकान्यात बसले असते?

परीक्षकाहून निराळी शिस्त नियतकालिकाने लावली. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केले आणि पुढची पंचवीसहून अधिक वर्षे दर आठवड्याला मजकूर पुरवला. आनंदाश्रमाची व्यवस्था, नगरपालिकेचे काम, सभा आणि आप्तेष्टांचा राबता यांतून ही पाने निघत होती. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ मधील यमूचे निवेदन पाल्हाळिक आहे, ती बोलता बोलता मागे जाते, पुढचे आधी सांगते, वाचकाला हाक मारते, अशी तक्रार वर्गात आजही ऐकू येते. परंतु सात दिवसांच्या खंडानंतर वाचकाला पुन्हा त्या घरात नेऊन बसवायचे तर आठवणी सांगणाऱ्या बाईचा आवाज याहून सोयीचा दुसरा कुठला होता? आठवडा हाच त्या कादंबरीच्या श्वासाचे माप झाला. आपट्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, तीही याच मापाची दुसरी बाजू. हरिभाऊंना मात्र एक गोष्ट लाभली होती : मुदत त्यांचीच होती, पत्रही त्यांचेच होते.

आता विभावरी शिरूरकर. पुणे-नगर रस्त्यावरच्या शिरूर गावाला जुनी माणसे अजून घोडनदी म्हणतात. या घोडनदीत बाळूताई खरे यांचे बालपण गेले, आणि त्या गावाचे नाव त्यांनी पुढे टोपणनावात घेतले. शिरूरच्या महाविद्यालयीन मुलींना हे सांगितले की त्यांना प्रथम आश्चर्य वाटते आणि मग त्या विचारतात, बाईंनी आपले नाव का लपवले? प्रश्न सरळ आहे, उत्तर तितके सरळ नाही. वडील शिक्षक, सुधारक वृत्तीचे. आई दुधाचा धंदा चालवणारी. मुलीला महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकायला पाठवणारे हे घर. तेथे वामन मल्हार जोशी यांच्यासारखे शिक्षक लाभले. शिक्षण संपल्यावर पुण्याच्या कन्याशाळेत नोकरी. १९३० च्या आसपास बाळूताई खरे या नावाने त्या अभ्यासाची पुस्तके लिहीत होत्या. अलंकारशास्त्रावरचे ‘अलंकार-मंजूषा’ आणि के. एन. केळकरांसमवेत हिंदू व्यवहारधर्मशास्त्रावरचे पुस्तक ही त्या काळातली. म्हणजे खरे नावाने शास्त्र आणि टोपणनावाने कथा. १९३३ मध्ये ह. वि. मोटे यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केले. पाठोपाठ १९३४ मध्ये ‘हिंदोळ्यावर’ आणि १९३५ मध्ये ‘विरलेले स्वप्न’ आले.

‘कळ्यांचे निःश्वास’ने उडवलेल्या गदारोळाची हकिगत सर्वपरिचित आहे. लेखिका कोण, मुळात ती स्त्री तरी आहे की कोणी पुरुषच, यावर सुशिक्षित पुण्या-मुंबईत तर्क चालले होते. स्पर्धेच्या नियमातील टोपणनाव आणि हे टोपणनाव यांत मला मोठा फरक दिसतो. स्पर्धेतील अनामिकता परीक्षकाच्या निःपक्षपातीपणाचे रक्षण करते. विभावरीची अनामिकता एका शिक्षिकेच्या सोमवार ते शनिवारच्या आयुष्याचे रक्षण करीत होती. तिला शाळेत जायचे होते, मुलींच्या पालकांना सामोरे जायचे होते, पगार घ्यायचा होता. लेखन आणि दैनंदिन जीवन यांचा मेळ घालणे म्हणजे वेळेची वाटणी करणे, अशी आपली साधारण समजूत असते. येथे वाटणी वेळेची नव्हती, नावाची होती. एक नाव दिवसाचे, एक नाव लेखनाचे.

या वाटणीची खूण कथांच्या घडणीत सापडते. या कथांतील स्त्रिया शिकलेल्या, बहुतेक कमावत्या, वसतिगृहात किंवा वडिलांच्या घरात राहणाऱ्या. त्या जे बोलतात ते एका बैठकीत बोलून संपवण्याजोगे असते. कोणी मनाशी बोलते, कोणी मैत्रिणीजवळ मन मोकळे करते, आणि बोलणे चालू असतानाच बाहेरून कोणाची तरी हाक येईल ही भीती वाक्यांतून जाणवत राहते. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेचे शीर्षकच पाहा. कमावत्या थोरल्या मुलीच्या पगारावर वडिलांचे घर चालते, आणि तिचा पगार जसा घराचा तसा तिचा वेळही घराचा. स्वतःच्या संसाराचा विचार करायला तिला जी फट मिळते तेवढीच कथेची लांबी आहे. या कथांवर त्या काळी अश्लीलतेचा आरोप झाला. नंतरच्या काळात त्यांना ‘समस्याप्रधान’ म्हणून शाबासकी आणि बाजूला सारणे असे दोन्ही एकदम मिळाले. त्यांच्या आखूडपणाचा, तुटक उद्गारांचा विचार रूपाच्या अंगाने क्वचितच झाला.

येथे एक जुना वाद टाळता येत नाही. भालचंद्र नेमाडे यांनी कथेला क्षुद्र वाङ्मयप्रकार ठरवले आणि कादंबरीच्या मोठ्या आशयसूत्राशी तिची तुलना केली, तेव्हा मराठीतील कथेच्या बाजारी रूपावर त्यांनी केलेला प्रहार योग्य होता. मासिकांच्या मागणीने कथेचे साचे झाले होते हे कोण नाकारील? परंतु प्रकारांची अशी उतरंड लावताना एक प्रश्न सुटला : मोठा प्रकार लिहायला लागणारा सलग वेळ कोणापाशी असतो? ‘कोसला’ १९६३ मध्ये अगदी थोड्या दिवसांत, सांगवीला घरी राहून, एका दमात लिहून झाली. पंचविशीतल्या त्या तरुणाची घुसमट खरीच होती, पण त्या दिवसांत त्याच्या जेवणाचे ताट दुसऱ्या कोणी वाढत असणार, हेही तितकेच खरे. ‘कोसला’ची थोरवी यामुळे कमी होत नाही. तिचा एका दमात लिहिल्याचा वेग हा तिच्या निवेदनाचा प्राण आहे. मात्र तो वेग कादंबरीचा सार्वत्रिक गुण म्हणून निकषांच्या तक्त्यात बसला, की दौंडच्या हस्तलिखिताला ‘विस्कळीत’ हाच शेरा मिळणार.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप सहज घेता येईल, आणि तो मी स्वतःवर घेऊन पाहिला आहे. वेळ मिळाला नाही म्हणून तुटक राहिलेले प्रत्येक लेखन रूपबंधाचा प्रयोग ठरत नाही. खंड हा खंडच असतो. त्याचे रूप होण्यासाठी लेखकाने तो ओळखावा लागतो, त्याला निवेदनात जागा द्यावी लागते. खुद्द विभावरींच्या लेखनात दोन्ही प्रकार आहेत. ‘विरलेले स्वप्न’मध्ये रोजनिशीचे रूप घेतल्यामुळे प्रत्येक नोंद आपल्या दिवसापुरती खरी राहते. आज लिहिलेले उद्या खोटे ठरू शकते आणि वाचकाला ते पडणे दिसते. नोंद तुटते ती दिवस संपला म्हणून, लेखिकेचे बोलणे संपले म्हणून नव्हे. ‘हिंदोळ्यावर’मध्ये मात्र नवऱ्याने टाकलेल्या अचलेचे विवाहाबाहेरचे प्रेम आणि मातृत्वाची ओढ हा विषय इतका धाडसी आहे की लेखिकेला त्याची बाजू मांडत राहावेसे वाटते. पात्रे वादविवादाला बसल्यासारखी बोलतात. घटना युक्तिवादाच्या सोयीने घडतात. येथे विभावरीवर बाळूताई खरे मात करते, व्यवहारधर्मशास्त्र लिहिणारी अभ्यासक कथेची लगाम हाती घेते, असे मला प्रत्येक वाचनात वाटले आहे. दोन नावांची वाटणी येथे पाळली गेली नाही, आणि कादंबरीचे नुकसान झाले.

लेखनाच्या संकल्पांचाही विचार येथेच करावा. रोज अमुक शब्द, महिन्यात अमुक पाने, असा हिशेब मांडणे कलेला उणे आणते असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. इंग्लंडातील टपालखात्यात नोकरी करणारा अँथनी ट्रोलोप पहाटे साडेपाचला बसून घड्याळ समोर ठेवून पाव तासाला अडीचशे शब्द लिहीत असे, आणि हे त्याने आत्मचरित्रात प्रांजळपणे सांगितले. ते त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा त्याच्या प्रतिष्ठेला धक्का बसला. लोकांना कादंबऱ्या आवडत होत्या, हिशेब आवडला नाही. अमेरिकेत १९९९ पासून एका महिन्यात पन्नास हजार शब्द पुरे करण्याचा एक सामुदायिक उपक्रम चालत असे. तो जगभर पसरला, आणि चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद पडली. तेथे स्पर्धा स्वतःशी होती, परीक्षक नव्हता, हे त्याचे वैशिष्ट्य. परंतु शब्दांची संख्या हे माप सलग वेळ गृहीत धरते. ते काय लिहिले गेले हे मोजते, काय अडले हे मोजत नाही. दौंडच्या त्या कागदावर मात्र अडथळेही नोंदले होते. ‘नाही, पाहुणे.’ ट्रोलोपच्या वहीत पाहुणे असतील असे मला वाटत नाही. त्याचा नोकर पहाटे कॉफी घेऊन येत असे.

आपल्याकडे पोटासाठी लिहिणे आणि पोट सांभाळून लिहिणे या दोन वेगळ्या वाटा झाल्या आणि दोन्हींवर चांगले लेखक चालले. उद्धव शेळके यांनी १९६० मध्ये ‘धग’ लिहिली. कौतिकच्या कष्टांची ही कादंबरी मराठीतील थोड्या थोर कादंबऱ्यांपैकी आहे. त्यानंतर त्यांनी उदरनिर्वाहासाठी लोकप्रिय कादंबऱ्यांचा जो ढीग लिहिला त्याबद्दल समीक्षेने मौन बाळगले. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवीत लिहीत राहिले, आणि गिरणीवर, गॅरेजात, तंबाखूच्या वखारीत येणारी माणसे त्यांच्या लेखनात आली. मोऱ्यांच्या बाबतीत गिरणी हा लेखनातला अडथळा होता की लेखनाचे उगमस्थान, हे ठरवता येत नाही. शेळक्यांच्या बाबतीत बाजाराची मुदत लेखकाला काय करते ते दिसते. शेळके पाने वेळेवर देत होते, पण ‘धग’ मुदतीत लिहिता येत नाही.

‘बळी’चे उदाहरण म्हणूनच मला महत्त्वाचे वाटते. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाळूताई खरे सोलापूर येथील वसाहतीत व्यवस्थापनाच्या कामावर होत्या. ब्रिटिश कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणाआड ठेवणारी ती वसाहत. १९३८ मध्ये विश्राम बेडेकर यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ ची. म्हणजे एकाच घरात, अगदी जवळच्या काळात, मराठीतील दोन महत्त्वाच्या कादंबऱ्यांचे अनुभव होते. एकाचे पुस्तक लगेच झाले, दुसऱ्याचे नाही. सोलापूरची नोकरी १९४० च्या सुमारास संपली, ‘बळी’ प्रसिद्ध झाली १९५० मध्ये. मधली दहा वर्षे कुठे गेली? घर होते, मूल होते, नाटके होती, चित्रपटव्यवसायातील नवऱ्याच्या अस्थिर आयुष्याची साथ होती. परंतु ही दहा वर्षे वाया गेली असे कादंबरी वाचताना वाटत नाही. ‘हिंदोळ्यावर’ची लेखिका जर नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी वसाहतीवर लिहिती तर तिने बहुधा एका सुधारक बाईची कादंबरी लिहिली असती, जी कुंपणाच्या आत जाते, हळहळते आणि युक्तिवाद करते. ‘बळी’मध्ये ती बाई बाजूला झाली आहे. कुंपणाच्या आतील माणसांची हजेरी, त्यांची कारस्थाने, त्यांचे आपसांतले हिशेब, बाहेर पडण्याची धडपड आणि त्या धडपडीचा घास घेणारी व्यवस्था यांना लेखिका मध्ये न येता जागा देते. गुन्हेगार जमातींचा १८७१ चा कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला. मराठी कादंबरी त्याच्या आधी दोन वर्षे त्या कुंपणापर्यंत पोचली होती. दलित आत्मकथने आणि भटक्या-विमुक्तांचे लेखन येण्यापूर्वी पाव शतक लिहिलेल्या या कादंबरीत बाहेरच्या निरीक्षकाच्या मर्यादा आहेतच, आणि त्यांची चर्चा आत्मकथनांच्या प्रकाशात व्हायला हवी. तरीही अंतिम तारीख नसणे हा या कादंबरीच्या घडणीतील एक घटक होता, हे माझे म्हणणे आहे.

त्यानंतर तीन वर्षांनी ‘खरेमास्तर’ आले. वडिलांच्या आयुष्यावर, त्यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींच्या आधारे लेकीने रचलेले पुस्तक. घोडनदीचा एक शिक्षक फावल्या वेळात वही भरून ठेवतो. ती वही कुठल्या स्पर्धेला जात नाही, कुठल्या मासिकाला जात नाही. अनेक वर्षांनी मुलगी ती उघडते. लेखनाच्या ‘फावल्या वेळा’ला आपण हलके समजतो, पण शिरूरच्या वाङ्मयीन इतिहासात सर्वांत मोलाचा दस्तऐवज त्याच वेळात लिहिला गेला असावा. मी या गावात इतकी वर्षे शिकवतो, आणि माझ्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरांत अशा वह्या आहेत हे मला ठाऊक आहे. रांजणगावच्या कारखान्यात पाळीने काम करणारा एक माजी विद्यार्थी मला सांगत होता की रात्रपाळीच्या आठवड्यात त्याला लिहिता येते आणि दिवसपाळीच्या आठवड्यात येत नाही, म्हणून त्याच्या कादंबरीतील निम्मी प्रकरणे रात्री घडतात. ‘सर, हे चालेल का?’ असे त्याने विचारले. स्पर्धेला चालेल का, असे त्याला म्हणायचे होते.

स्पर्धा बंद कराव्यात असे मी म्हणत नाही. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या लेखकाला पुण्या-मुंबईचा प्रकाशक उभा करीत नाही, तेव्हा स्पर्धेचे पाकीट हीच त्याची पहिली वाचकाला घातलेली हाक असते, आणि अंतिम तारखेमुळे कित्येक बाडे पुरी होतात हेही मी पाहिले आहे. तक्रार तक्त्याविषयी आहे, आणि तो भरणाऱ्यांविषयी, म्हणजे स्वतःविषयी. ‘सलगता’ या शब्दाखाली आपण नेमके काय मोजतो? कार्यकारणभावाची अखंड साखळी, की लेखकाला मिळालेल्या अखंड दिवसांची खूण? पहिली हवीच असे नाही, दुसरी तर गुणच नव्हे.

शिरूरहून न्हावरे, चौफुला करीत दौंडला जाण्याचा प्रसंग मला महिन्यातून एखाद्या वेळी येतो. मध्यंतरी स्थानकाबाहेर मनमाडकडून येणाऱ्या गाडीची वाट पाहत असताना ते हस्तलिखित मला प्रकरणवार आठवू लागले, आणि परीक्षण करताना जे दिसले नव्हते ते दिसले. सासूच्या दाव्याची गोष्ट प्रत्येक वेळी बोलावण्याच्या थापेने तुटत होती आणि गाडी परत आल्यावर पुन्हा सुरू होत होती. परंतु ती सुरू होताना तिच्यात काहीतरी बदललेले असे. नवऱ्याने बाहेरगावी काही ऐकलेले असे, किंवा निवेदकाने मधल्या एकटेपणात काही ठरवलेले असे. तीन पानांच्या एका प्रकरणात तर आउटरला थांबलेल्या मालगाडीची शिटी ऐकण्याखेरीज काहीच घडत नव्हते. मी त्यासमोर ‘अनावश्यक’ अशी पेन्सिलीने खूण केली होती. आता ते प्रकरण मला त्या कादंबरीचे केंद्र वाटते. दाव्याचा निकाल काय लागला ते नवऱ्यालाच ठाऊक आहे, तो गाडीवर आहे, आणि गाडी दिसते आहे पण आत येत नाही.

निवेदक स्त्री आहे म्हणून लेखकही स्त्रीच असावी असे मी तेव्हा धरून चाललो होतो. १९३३ च्या पुण्याने विभावरीविषयी केलेल्या तर्काचीच ही उलटी आवृत्ती. गाडीवर जाणारा एखादा माणूसही दूर कुठल्या रनिंग रूममध्ये बसून बायकोच्या आवाजात लिहीत असेल. मी संस्थेकडे चौकशी केली. ज्या हस्तलिखितांना पारितोषिक मिळत नाही त्यांची पाकिटे नियमानुसार न उघडता, बाडासह ज्याने-त्याने परत न्यायची असतात. ते बाड कोणीतरी येऊन परत नेले होते. वहीत स्वाक्षरी होती, टोपणनावाची.